वाऱ्यावर सोडलेले

मागच्या जूनमध्ये भाची टोकियोहून आली ती नेमकी शेवळांच्या दिवसांत. पहिला पाऊस होऊन गेला होता आणि स्टेशनबाहेर आदिवासी बायका जुड्या घेऊन बसायला लागल्या होत्या. मी ओट्यापाशी उभी राहून शेवळं निवडत होते. वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा बुडाशी असलेला पिवळा भाग तेवढा कापून टाकायचा, कारण खाज सगळी त्यात. उरलेलं बारीक चिरायचं आणि काकडांच्या आंबट रसात शिजवायचं. कितीही सांभाळलं तरी बोटांच्या बेचक्यांत चुणचुण सुरू होतेच. भाचीने तिच्या बॅगेतून पाण्यात बुडवलेली एक राखाडी वडी काढली, अंगावर काळे ठिपके असलेली, दाबली की परत वर येणारी. पाकीट फोडल्याबरोबर माशासारखा वास सुटला. "मावशी, हे कोन्याकू. आपल्या सुरणाच्या आणि या तुझ्या शेवळाच्या जातीतलाच कंद. तिकडे त्याचं पीठ करून चुन्याच्या पाण्याने वडी पाडतात." वडी उकळत्या पाण्यात टाकता टाकता ती सहज म्हणाली, "युद्धाच्या काळात हे बाजारातून गायबच झालं होतं म्हणे. सगळं बॉम्बच्या फुग्यांना लागायचं." आणि ती आलं किसायला वळली.

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. त्या रात्री जेवताना कोन्याकूचा तुकडा दाताखाली आला, त्याला स्वतःची अशी चव नव्हती, आणि माझ्या मनात येत राहिलं की असल्या बिनचवीच्या, गरीब पदार्थाचा बॉम्बशी काय संबंध असेल. पुढचे कितीतरी आठवडे मी मिळेल ते वाचत गेले. वाचता वाचता कधी मी चकित झाले, कधी पुस्तक मिटून ठेवलं, आणि अजूनही या गोष्टीबद्दल मला नक्की काय वाटतं ते एका वाक्यात सांगता येत नाही. म्हणून लिहिते आहे.

१९४२च्या एप्रिलमध्ये अमेरिकी अधिकारी डूलिटलच्या विमानांनी टोकियोवर बॉम्ब टाकले आणि जपानी लष्कराला त्याची परतफेड करायची होती. अमेरिकेपर्यंत जाऊन परत येईल असं विमान नव्हतं. नोबोरितोच्या लष्करी संशोधन संस्थेने मग जे काढलं ते कागदाचं होतं. दहा मीटर व्यासाचा, हायड्रोजन भरलेला फुगा. त्याचं सांकेतिक नाव फू-गो. कागद तुतीच्या जातीतल्या कोझो झाडाच्या सालीचा, हाताने गाळलेला. एका फुग्याला असे सुमारे ६०० तुकडे लागत. थरावर थर चढवून ते जोडायचे, आणि जोडायची खळ म्हणजे कोन्याकूचं पीठ. तलम कागदावर ही खळ वाळली की त्यातून हायड्रोजन सहजासहजी पाझरत नसे. रबर लावलेलं रेशीमही वापरून पाहिलं होतं, पण हजारोंच्या संख्येने करायला कागदच परवडला. हातकागदाची परंपरा असलेल्या गावांना, सैतामातल्या ओगावासारख्या, कामाला लावलं गेलं. तयार फुगे फुगवून तपासायला छत उंच असलेल्या जागा हव्यात, म्हणून टोकियोतली मोठी नाट्यगृहं आणि सुमो कुस्त्यांचं सभागृह घेतलं. आणि कागद चिकटवायला हात हवेत, तेही हलके, नाजूक काम जमणारे. म्हणून शाळकरी मुली.

त्यांना नखं अगदी बारीक कापून यायला सांगितलं होतं, आणि केसांत पिन लावायची नाही. कागदाला ओरखडा नको.

मी इथे फार वेळ थांबले. आमच्या घरी दिवाळीचा आकाशकंदील घरी व्हायचा. आजी मैद्याची खळ पितळेच्या पातेल्यात रटरटवायची आणि आम्ही भावंडं कामट्यांच्या सांगाड्यावर पतंगाचा कागद डकवायचो. कागद ओला झाला की इतका नाजूक होतो की श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. बोटाच्या पेरानं, नखाचा स्पर्श न होऊ देता, मधून कडेकडे हवा काढत न्यायची. सुरकुती राहिली तर आजी काही बोलायची नाही, नुसती तिथे बोट ठेवायची. त्या कामातली एकाग्रता माझ्या हातांना अजून आठवते. म्हणूनच कोकुराच्या लष्करी कारखान्यात यामागुचीच्या शाळेतल्या मुली बारा-बारा तासांच्या पाळ्यांत हेच करत होत्या हे वाचताना मला त्यांचे हात दिसायला लागले. थंडीत, ओल्या खळीत, पोट अर्धं रिकामं. काही जणींनी भुकेपोटी ती खळच खाल्ली. आपण काय बनवतो आहोत हे त्यांना नीट कुणी सांगितलं नव्हतं. गुपित आहे, बाहेर बोलायचं नाही, एवढं मात्र बजावलं होतं. हा मोठा फुगा आहे, अमेरिकेपर्यंत जाणार आहे, अशी कुजबुज काहींच्या कानावर यायची. चौदा, पंधरा, सोळा वर्षांच्या मुली. त्या वयात सुरकुती न पडता कागद बसला की आनंदच होतो. त्यांनाही झाला असेल, आणि तो आनंद खोटा होता असं मला म्हणवत नाही.

या फुग्याला ना इंजिन, ना सुकाणू. त्याला नेणारा वारा दहा किलोमीटर उंचीवर हिवाळ्यात जपानवरून पूर्वेकडे धावतो. तो पहिल्यांदा नीट मोजला वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने. तातेनोच्या वेधशाळेतून १९२३ सालापासून तो छोटे फुगे आकाशात सोडायचा आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढायचा. उंचावर गेल्यावर ते एकदम भन्नाट वेगाने पूर्वेला ओढले जायचे. ओइशी एस्पेरांतो या, सगळ्या जगासाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेचा कट्टर पुरस्कर्ता होता. जगातल्या सगळ्यांना वाचता यावं म्हणून त्याने १९२६ साली आपला अहवाल त्या भाषेत छापला, आणि जगाने तो जवळजवळ वाचलाच नाही. पुढे १९४४च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेची बी-२९ विमानं टोकियोवर आली तेव्हा त्यांना या वाऱ्याचा पहिला तडाखा बसला आणि त्यांचे नेम चुकले. त्याच महिन्यात, त्याच वाऱ्यावर, इबाराकीतल्या ओत्सू, चिबातल्या इचिनोमिया आणि फुकुशिमातल्या नाकोसो या किनाऱ्यांवरून फुगे निघाले होते. एका माणसाने सगळ्यांना कळावं म्हणून मांडलेली गोष्ट शेवटी गुप्त कामाला लागली, याचं मला ओइशीसाठी फार वाईट वाटतं.

पॅसिफिक ओलांडायला फुग्याला साधारण तीन दिवस लागत. हे तीन दिवस त्याला वर कसं ठेवायचं, यात सगळी बुद्धी खर्ची पडली होती. दिवसा उन्हाने हायड्रोजन फुगतो, कागद फाटायची भीती. म्हणून तळाशी झडप, जादा वायू बाहेर जायला. रात्री गारठ्याने वायू आकसतो, फुगा खाली येऊ लागतो. मग वजन कमी करायला हवं. खाली लोंबणाऱ्या एका धातूच्या चाकाभोवती वाळूच्या ३२ पिशव्या टांगलेल्या असत. हवेचा दाब मोजणारे ॲनेरॉइड ठरावीक उंचीच्या खाली आले की विजेचं मंडल जोडलं जाई आणि पिशव्या सुटत. फुगा पुन्हा चढे. रात्रभर असं. बॅटरी गोठू नये म्हणून ती पेटीत पेटी करून ठेवलेली, मधल्या जागेत सहज न गोठणारं द्रावण. सगळ्या पिशव्या संपल्या की हिशोबाने आता खाली अमेरिका असायला हवी, आणि मग त्याच यंत्रणेने सुटायचा तो साधारण १५ किलोचा एक स्फोटक बॉम्ब आणि त्याच्या जोडीचे आगलावे बॉम्ब. अमेरिकी तपासनिसांनी या चाकाला झुंबर म्हटलं. मी त्याचे फोटो बराच वेळ पाहिले. घासून गुळगुळीत केलेली चकती, ओळीने बसवलेले पितळी भाग, वायरींची नेटकी वळणं. कुणीतरी फार मन लावून केलेलं काम. मला ते सुंदर वाटलं. आणि सुंदर वाटलं याचा त्रास झाला, तो गेलेला नाही.

वाळूचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत सापडलेल्या पिशव्यांतली वाळू वॉशिंग्टनमध्ये भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या लष्करी शाखेकडे गेली. तिथल्या शास्त्रज्ञांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पसरली. डायटम या सूक्ष्म शैवालाचे कवच कुणी ओळखले, फोरामिनिफेरा हे समुद्रातले सूक्ष्म कवचधारी जीव कुणी, खनिजं कुणी. शिंपल्यांचे बारीक कण ओळखणाऱ्यांत ज्युलिया गार्डनर होती, आयुष्यभर जीवाश्म शिंपल्यांवर काम केलेली बाई. वाळूत प्रवाळ नव्हतं, म्हणजे किनारा उष्ण पाण्याच्या उत्तरेचा. असं एकेक वगळत त्यांनी हजारो मैलांवरून इचिनोमियाचा किनारा बरोबर ओळखला. मुठीत धरावी तेवढ्या वाळूतून समुद्राचं गाव सांगता येतं, हे वाचून मी एखाद्या मुलीसारखी हरखले. दुसऱ्या क्षणी आठवलं की हे ओळखायचं कशासाठी, तर तिथे बॉम्ब टाकता यावेत म्हणून. या साऱ्या गोष्टीत मला आवडलेलं प्रत्येक कौशल्य असंच कुठेतरी नेऊन सोडतं.

सुमारे ९,३०० फुगे सोडले. अमेरिका खंडात सापडले किंवा दिसले ते जेमतेम ३००. अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत, पूर्वेला थेट मिशिगनपर्यंत. बाकीचे समुद्राने आणि डोंगरांनी घेतले. जंगलं पेटवायचा बेत होता, पण तो वारा जोरात असतो हिवाळ्यात, आणि हिवाळ्यात तिथली जंगलं बर्फाने भिजलेली असतात. काडी पेटायची नाही. लष्कराच्या दृष्टीने ही मोहीम फसली, असं सगळे लिहितात.

अमेरिकेने आणखी एक केलं. ४ जानेवारी १९४५ला सेन्सॉर कार्यालयाने वर्तमानपत्रांना आणि रेडिओला विनंती केली की फुग्यांबद्दल चकार शब्द छापू नका, बोलू नका. त्याआधी मोंटानातल्या कॅलिस्पेलजवळ लाकूडतोड्यांना एक फुगा सापडल्याची बातमी आली होती आणि ती एका चिनी वर्तमानपत्रापर्यंत पोचली होती. जपानी अधिकारी तेवढ्याच एका बातमीवर आस लावून बसले. पुढे काहीच ऐकू येईना. फुगे पोचतात की नाही हेच कळेना, हायड्रोजनचा पुरवठाही तुटला, आणि एप्रिलमध्ये त्यांनी मोहीम थांबवली. गुप्तता यशस्वी झाली. युद्धाच्या इतिहासात तिचं कौतुक होतं आणि ते कौतुक चूक आहे असं मी म्हणू शकत नाही. त्या मौनाने आणखी किती फुगे यायचे टळले कोण जाणे.

पण ओरेगनमध्ये ब्लाय नावाचं लाकूडतोड्यांचं छोटं गाव आहे. ५ मे १९४५, शनिवार. तिथले तरुण धर्मगुरू आर्ची मिचेल आणि त्यांची पत्नी एल्सी चर्चच्या रविवारच्या वर्गातल्या पाच मुलांना घेऊन गियरहार्ट डोंगरावर सहलीला निघाले. एल्सी सव्वीस वर्षांची होती आणि तिला दिवस गेलेले होते. आर्ची गाडी लावत होता, तोवर ती आणि मुलं ओढ्याच्या दिशेने पुढे गेली. तिथे झाडीत काहीतरी पडलेलं होतं. मोठा कागद, दोऱ्या, धातूचं काहीतरी. मुलांनी हाक मारली. आर्ची ओरडून सांगायला लागला, पण तेवढा वेळ नव्हता. एल्सी आणि पाचही मुलं गेली. सगळ्यांत लहान मुलगा अकरा वर्षांचा, बाकीची तेरा-चौदाची, त्यांत एक सख्खी भावंडांची जोडी. फुगा तिथे कित्येक आठवडे पडून होता. त्याच्याखाली अजून बर्फ शिल्लक होता, बाजूचं सगळं वितळलं होतं तरी.

त्यानंतर, २२ मेला, सरकारने लोकांना जाहीरपणे सांगितलं की अशी वस्तू दिसली तर हात लावू नका.

तेरा-चौदा वर्षांची मुलं त्या टोकाला, चौदा-पंधरा वर्षांच्या मुली या टोकाला, आणि मधे सगळा पॅसिफिक. दोन्हीकडच्या मोठ्यांनी ठरवलं होतं की यांना सांगायचं नाही. मी हे मनात अनेकदा उलटसुलट केलं. वर्तमानपत्रांत छापलं असतं तर जपान्यांना कळलं असतं आणि फुगे येत राहिले असते, हे खरं. पण छापणं आणि सांगणं यांत अंतर असतं. खेडोपाडी शिक्षकांना, पाद्र्यांना, वनरक्षकांना तोंडी निरोप देता आला असता. काही ठिकाणी तसा दिलाही गेला असेल. ब्लायच्या त्या मुलांपर्यंत तो पोचला नव्हता, आणि ज्यांच्या अंगणात बॉम्ब पडतात त्यांना तो पोचायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं. शत्रूपासून लपवण्यासाठी आपल्याच मुलांपासून लपवलं की त्याची किंमत मुलं देतात. ब्लायच्या लोकांनी आपला संताप किती वर्षं आत दाबून ठेवला असेल याचा मला अंदाजही करवत नाही. सुरुवातीला तर त्यांनाही सांगितलं होतं की कारण बाहेर सांगू नका. आर्ची पुढे मिशनरी म्हणून व्हिएतनामला गेला. १९६२ साली तिथल्या कुष्ठरोग्यांच्या एका केंद्रातून त्याला पकडून नेलं, आणि तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

ब्लायची गोष्ट सांगितल्यावर आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. १० मार्च १९४५ला एक फुगा वॉशिंग्टन राज्यात विजेच्या तारांवर येऊन अडकला. त्या तारा हॅनफर्डला वीज नेत होत्या. क्षणभर वीज गेली, अणुभट्ट्या आपोआप बंद पडल्या, आणि पुढे पुन्हा पूर्ववत चालू झाल्या. हॅनफर्डमध्ये प्लुटोनियम तयार होत होतं. ९ ऑगस्टला त्या प्लुटोनियमचा बॉम्ब घेऊन विमान निघालं तेव्हा त्याचं पहिलं लक्ष्य नागासाकी नव्हतं. ते होतं कोकुरा, तिथला लष्करी कारखाना. जिथे मुलींनी कागद चिकटवले होते तोच. त्या सकाळी कोकुरावर ढग आणि धूर होता. विमानाने घिरट्या घातल्या, खालचं दिसेना, आणि ते नागासाकीकडे वळलं. मी यातून काही अर्थ काढायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. नागासाकीत मेलेल्यांच्या समोर उभं राहून कोकुरा वाचलं म्हणून हुश्श करता येत नाही.

ब्लायजवळच्या डोंगरावर १९५०मध्ये दगडी स्मारक उभं राहिलं. त्यावर सहा नावं आणि वयं आहेत. तिथून फार दूर नाही, त्याच खोऱ्यात, कॅलिफोर्नियाच्या हद्दीत टूली लेकची छावणी होती. जपानी वंशाच्या अमेरिकनांना युद्धात तिथे डांबून ठेवलं होतं. युझुरु ताकेशिता नावाचा मुलगा त्यांतला एक. पुढे तो मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक झाला. चाळीस वर्षांनी जपानमधल्या जुन्या ओळखीतून त्याची गाठ त्या शाळकरी मुलींपैकी एकीशी पडली. तिला आणि तिच्या मैत्रिणींना ब्लायबद्दल काही माहीत नव्हतं. आपण चिकटवलेल्या कागदाखाली सहा माणसं मेली, हे त्यांना तेव्हा कळलं, आजी व्हायच्या वयात. त्यांनी १९८७ साली मेलेल्यांच्या कुटुंबांना पत्रं लिहिली आणि कागदाचे हजार क्रौंच घडी घालून पाठवले. ताकेशिता ते घेऊन ब्लायला गेला. १९९५मध्ये, पन्नास वर्षं झाली तेव्हा, स्मारकापाशी चेरीची रोपं लावली.

माझ्या भाचीशी याच मुद्द्यावर फोनवर वाद झाला. तिचं म्हणणं, त्या मुलींनी माफी मागायची काही गरज नव्हती. बारा तास खळीत हात घालायला लावलेली उपाशी पोर गुन्हेगार कशी? ज्यांनी नकाशे काढले, ज्यांनी आज्ञा दिल्या त्यांनी मागावी. मलाही तसंच वाटतं. पण त्या बायकांनी पत्रं लिहिली ती कुणी मागितली म्हणून नाही. आपल्या हाताने झालेल्या गोष्टीचं दुसरं टोक आपल्याला उशिरा कळलं, आणि कळल्यावर गप्प बसवेना, एवढंच त्यात मला दिसतं. मुलं गमावलेल्या घरांनी ती पत्रं घेतली, वाचली. घेणं हेही सोपं नसणार. कुणाला ते क्रौंच घरात ठेवावेसे वाटले नसतील तर तेही मी समजू शकते. भाचीला हे पटलं नाही. ती म्हणाली, "मावशी, तू फार लवकर सगळ्यांना समजून घेतेस." असेल तसं. पण नखं कापून गेलेल्या त्या मुलींना दोषी धरायला माझं मन तयार नाही, आणि त्यांच्या पश्चात्तापाला अनावश्यक म्हणायलाही नाही.

२०१४च्या नोव्हेंबरमध्ये युनेस्कोने वाशी, म्हणजे जपानी हातकागदाच्या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यात ओगावा भागातला होसोकावा-शी कागदही आहे. तो कागद मी अजून हातात घेतलेला नाही, पण भाचीला सांगून ठेवलं आहे. त्याच्या महिनाभर आधी कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या लम्बी गावाजवळच्या जंगलात, वनखात्याच्या कामावरच्या माणसांना जमिनीत अर्धवट रुतलेला एक धातूचा तुकडा दिसला. सत्तर वर्षांपूर्वीच्या फू-गोचा बॉम्ब, अजून जिवंत. नौदलाच्या पथकाने येऊन तो जागेवरच उडवला. हलवणं धोक्याचं होतं. तिथल्या डोंगरांत असे आणखी असणार हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तिथे काम करणाऱ्यांना आता ते आधीच सांगितलं जातं. त्या माणसांनी तुकड्याला हात लावला नाही. पोलिसांना कळवलं.